महालयेची पहाट आणि श्रोत्यांचा अधिकार

नोकरीच्या निमित्ताने प्रथमच बंगालमध्ये आलेल्या मराठी माणसाला भाद्रपद अमावास्येची पहाट काहीशी चकित करून सोडते. आपल्याकडे हा दिवस सर्वपित्रीचा. घरात श्राद्धाचा स्वयंपाक, काकबळी आणि पितरांची आठवण. शुभकार्य त्या दिवशी कोणी योजीत नाही, आणि देवीचा उत्सव म्हटला तर तो दुसऱ्या दिवशी घटस्थापनेने सुरू व्हावयाचा. बंगालमध्येही त्या दिवशी गंगेच्या घाटांवर तर्पणासाठी गर्दी लोटतेच; पण तत्पूर्वी, पहाटे चार वाजता, बाहेर काळोख असतानाच घरोघरच्या रेडिओंतून शंखध्वनी उमटतो आणि मागोमाग एक धीरगंभीर, मधूनच भावनेने कापणारा पुरुषी आवाज देवीच्या आगमनाची वार्ता सांगू लागतो. ज्या घरात वर्षभर रेडिओला कोणी हात लावलेला नसतो, त्या घरातही तो चार दिवस आधी दुरुस्त करून आणलेला असतो. पितरांची अमावास्या आणि देवीची पहाट यांची अशी गाठ बंगालबाहेर क्वचितच आढळेल.

हा आवाज वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा आणि हा कार्यक्रम म्हणजे 'महिषासुरमर्दिनी'. संहिता वाणीकुमार यांची, संगीत पंकजकुमार मल्लिक यांचे. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याच्या आधाराने रचलेले हे सुमारे दीड तासाचे निरूपण. त्यात संस्कृत श्लोक, बंगाली निवेदन आणि गाणी यांची गुंफण केलेली आहे. कलकत्त्याच्या सांस्कृतिक इतिहासात या कार्यक्रमाला जे स्थान आहे ते सर्वश्रुत आहे. परंतु १९७६ साली हाच कार्यक्रम एका वर्षापुरता बाजूस सारला गेला, त्या जागी दुसरा आला, आणि त्यावरून या शहरात जे वादळ उठले त्याचा विचार इतिहासाच्या दृष्टीने फारसा झालेला नाही. बहुधा ती हकिगत एक गमतीदार आठवण म्हणून सांगितली जाते: लोकप्रिय नट हरला आणि म्हातारा निवेदक जिंकला! प्रस्तुत लेखकाच्या मते त्या प्रसंगात याहून पुष्कळ अधिक काही आहे. एखादी कलाकृती लोकांच्या नित्यनेमाचा भाग झाली म्हणजे तिच्यावर कोणाची मालकी उरते, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. सरकारी टेबलावर बसून लोकांच्या सवयींविषयी निर्णय घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम या कार्यक्रमाचे मूळ पाहू. कलकत्त्याचे नभोवाणी केंद्र २६ ऑगस्ट १९२७ रोजी सुरू झाले. मुंबईचे त्याआधी महिनाभर, २३ जुलैला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी संस्था ती चालवीत होती. ती लौकरच डबघाईस आली आणि १९३० साली नभोवाणी सरकारच्या हाती गेली; १९३६ साली तिला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. गार्स्टिन प्लेसमधील एक नंबरच्या जुन्या इमारतीत हे केंद्र होते. तेथे नृपेंद्रनाथ मजुमदार यांच्या भोवती जी तरुण मंडळी जमली त्यांत वाणीकुमार होते, पंकज मल्लिक होते आणि रेल्वेच्या कचेरीतील कारकुनी सोडून आलेले वीरेंद्रकृष्ण भद्र होते. या तिघांनी १९३१-३२ च्या सुमारास देवीमाहात्म्यावर आधारलेला प्रभातकालीन कार्यक्रम उभा केला.

तो आरंभी सर्वांना रुचला असे मात्र नाही. पहिला आक्षेप असा की, भद्र हे कायस्थ. ब्राह्मणेतराने चंडीपाठ करावा आणि तोही नभोवाणीवरून साऱ्या जगाला ऐकवावा, हे सनातन्यांना पटेना. दुसरा आक्षेप तिथीचा. पितरांचे तर्पण होण्यापूर्वी देवीची स्तोत्रे कशी ऐकावयाची? म्हणजे आपल्या मनात आज जी शंका येते, नेमकी तीच शंका त्या काळच्या बंगाली कर्मठांच्या मनात आली होती. आरंभीच्या वर्षांत हा कार्यक्रम कधी षष्ठीच्या, कधी महालयेच्या पहाटे झाला आणि मग महालयेवर स्थिर झाला. निवेदकाच्या बाबतीत वाणीकुमारांनी माघार घेतली नाही. पाठ वीरेंद्रकृष्णच करतील, असा त्यांचा आग्रह राहिला. वादकवृंदात मुसलमान वादकही होते. देवीच्या स्तवनाला त्यांची साथ असे. पुढे 'सनातन परंपरा' म्हणून ज्या कार्यक्रमासाठी शहर पेटून उठले, तो कार्यक्रम जन्मतः असा एक धाडसी, वादग्रस्त आणि नवा प्रयोग होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कित्येक वर्षे हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असे. गायक-वादक मध्यरात्रीनंतरच केंद्रावर येत. भद्र स्नान करून, शुचिर्भूत वस्त्र नेसून ध्वनिक्षेपकापुढे बसत, अशी त्या काळची आठवण सांगतात. आणि दरवर्षी तो हुबेहूब तसाच होत नसे. गाणी बदलत, गायक बदलत, संहितेत वाणीकुमार फेरफार करीत. पुढे ध्वनिमुद्रणाची सोय झाली आणि थेट प्रक्षेपणाची जागा ध्वनिफितीने घेतली. त्यामुळे एका विशिष्ट वर्षीची एक विशिष्ट मांडणी कायमची ठरून गेली. श्रोत्यांना वाटू लागले की हा कार्यक्रम अनादी कालापासून असाच आहे. खरे पाहता त्याला तसे अचल रूप येऊन फार काळ लोटला नव्हता.

अशा पार्श्वभूमीवर १९७६ साल आले. २५ जून १९७५ रोजी पुकारलेली आणीबाणी चालू होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि आकाशवाणी तर सरकारचीच होती. वाणीकुमार १९७४ साली निवर्तले होते. पंकज मल्लिक वृद्ध झाले होते. १९२९ पासून ते नभोवाणीवर जो संगीतशिक्षणाचा वर्ग चालवीत तो १९७५ साली त्यांच्या हातून काढून घेण्यात आला होता. वीरेंद्रकृष्ण सत्तरी उलटलेले. त्या काळी आकाशवाणीतील 'स्टाफ आर्टिस्ट' हे करारावर काम करीत आणि सरकारी नोकराला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा आधार त्यांना नसे. ज्या तिघांनी हा कार्यक्रम घडविला त्यांपैकी कोणीही आता निर्णयाच्या जागेजवळ नव्हता.

अशा वेळी नवा कार्यक्रम ठरला. नाव 'दुर्गा दुर्गतिहारिणी'. संहिता ध्यानेशनारायण चक्रवर्ती यांची, संगीत हेमंतकुमार मुखोपाध्याय यांचे, आणि निवेदक म्हणून बंगाली चित्रपटसृष्टीचे सम्राट उत्तमकुमार. गायकांत लता मंगेशकर यांचाही समावेश होता. नामावली पाहिली तर योजनेत उणीव काढणे कठीण. हेमंतकुमारांचा अधिकार निर्विवाद, उत्तमकुमारांची लोकप्रियता अतुल्य, आणि लताबाईंच्या स्वराविषयी मराठी वाचकांना सांगावयाचे ते काय? जे उत्तम ते सारे एकत्र आणले की कार्यक्रम उत्तमच होणार, असा हिशेब कोणीतरी केला असावा. कागदावर तो बिनचूक होता.

उत्तमकुमार स्वतः या कामास नाखूश होते, असे सांगितले जाते. भद्रांच्या जागी बसण्याची आपली योग्यता नाही असे त्यांना वाटत होते. ते भद्रांना जाऊन भेटले आणि भद्रांनी त्यांना प्रसन्न मनाने आशीर्वाद दिला, अशीही हकिगत आहे. मूळ कर्त्यांना या निर्णयाच्या वेळी विश्वासात घेतले नव्हते, हे मात्र बहुतेक सर्व आठवणींत समान आहे.

२३ सप्टेंबर १९७६. महालयेची पहाट. कलकत्ता नेहमीप्रमाणे चारला जागे झाले, रेडिओ लागले, आणि आवाज दुसराच! त्यानंतर जे घडले ते या शहराच्या स्मरणात पक्के बसले आहे. आकाशवाणी केंद्राचे दूरध्वनी संतप्त श्रोत्यांच्या तक्रारींनी खणखणू लागले. केंद्र १९५८ पासून ईडन गार्डनजवळच्या आकाशवाणी भवनात आले होते, त्या भवनासमोर लोक जमा झाले. अखेर त्याच वर्षी षष्ठीला मूळ 'महिषासुरमर्दिनी' पुन्हा ऐकविणे केंद्राला भाग पडले आणि पुढील वर्षापासून महालयेची पहाट पूर्ववत तिच्या जुन्या धन्याला परत मिळाली. आणीबाणीच्या काळात सरकारी माध्यमाने सामान्य जनतेच्या रोषापुढे असा उघड माघारी फिरण्याचा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

या रोषाचा अर्थ काय? याविषयी तेव्हापासून दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला पक्ष म्हणतो, श्रोत्यांनी केले ते योग्यच. भद्रांचा पाठ हे नुसते वाचन नव्हते. महिषासुराच्या वधाकडे कथा येऊ लागली की त्या आवाजात जी आर्तता येते ती अभिनयाने साधणारी नाही. उत्तमकुमारांचा आवाज मधुर, पण तो लोकांच्या ओळखीचा होता तो पडद्यावरील प्रेमिकाचा. डोळे मिटून देवीचे ध्यान करावे तर डोळ्यांपुढे चित्रपटातील नायक उभा! शिवाय वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरातील वडीलधाऱ्यांच्या जवळ बसून जे ऐकावयाचे, त्याचे मोल त्याच्या नवेपणात नसते. आजोबांनी ऐकले तेच नातवाने ऐकावे, यातच त्याचे सार आहे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हा न्याय झाला नाही. नव्या कार्यक्रमाला एका पहाटेच्या पलीकडे संधीच मिळाली नाही. तो कसा होता हे ऐकण्याआधीच तो कोणता नाही यावरून लोकांनी त्याचा निकाल लावला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी अशाच श्रोत्यांनी जात आणि तिथी पुढे करून मूळ कार्यक्रमालाही नाकारले असते, आणि त्या वेळी त्यांचे चालले असते, तर 'महिषासुरमर्दिनी' पहिल्याच वर्षी मेली असती. लोकांच्या सवयीला कलेची अंतिम कसोटी मानले तर नवे काहीच जन्मास येणार नाही. एकाच ध्वनिफितीची वर्षानुवर्षे पूजा करणे ही भक्ती खरी. पण ती कलेची जोपासना खास नव्हे.

हा दुसरा युक्तिवाद सहजासहजी बाजूला सारता येण्यासारखा नाही. श्रोत्यांच्या झुंडीपुढे कलावंताने मान तुकवावी, हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करणार नाही. आणि याच शहराच्या इतिहासात त्याचे ठळक उदाहरण आहे. बंकिमचंद्रांची 'कृष्णकांतेर उइल' ही कादंबरी 'बंगदर्शन' मासिकातून क्रमशः आली आणि १८७८ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यात रोहिणी या विधवेला तिचा प्रियकर गोविंदलाल गोळी घालून ठार करतो. रोहिणीला का मारले, असे वाचक बंकिमचंद्रांना विचारू लागले. बंकिमचंद्र तर सरकारी अधिकारी, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. शेरा मारावा तसे त्यांनी 'बंगदर्शना'तच बजावले की, जे केवळ गोष्टीच्या ओढीने कादंबरी वाचतात त्यांनी ही वाचली नाही तर आपल्यावर उपकारच होतील. वाद तेवढ्याने मिटला नाही. पुढच्या पिढीत शरच्चंद्रांनीही रोहिणीच्या मरणाविषयी नापसंती बोलून दाखविली. परंतु लेखकाने आपली लेखणी वाचकांच्या स्वाधीन केली नाही.

मात्र याच कादंबरीची दुसरी बाजू पाहावी. मूळच्या शेवटी गोविंदलाल तळ्यात बुडून जीव देतो. बंकिमचंद्रांनी पुढे स्वतःच तो शेवट बदलला आणि गोविंदलालाला संन्यासी केले. ग्रंथकर्त्याने केलेला हा बदल वाचकांनी स्वीकारला. आज कादंबरी त्याच रूपात वाचली जाते. वाणीकुमारांनी आपल्या संहितेत वेळोवेळी केलेले बदलही असेच पचनी पडले. एका गायकाच्या जागी दुसरा आला तरी पहाटे कोणी केंद्रावर धावून गेले नाही. तेव्हा श्रोत्यांना बदलच नको होता, हे निदान पुरेसे नाही. ज्यांनी कृती घडविली त्यांच्या हातचा बदल आणि ज्यांचा तिच्याशी केवळ अधिकारपदाचा संबंध आहे त्यांच्या हातचा बदल, यांतील फरक लोकांना पुरेपूर कळत होता.

इतर देशांतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. १८९३ साली कॉनन डॉइलने 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला दरीत लोटले तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक सोडल्याचे सांगतात. दहा वर्षांनी त्याला होम्स जिवंत करावा लागला. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची विज्ञानकथामाला १९६६ साली दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ती बंद होणार या वार्तेने तिच्या चाहत्यांनी १९६७-६८ च्या हिवाळ्यात पत्रांचा वर्षाव केला आणि एनबीसी कंपनीने ती आणखी एक वर्ष चालू ठेवली. परंतु त्या तिसऱ्या वर्षाचा पहिलाच भाग असा निघाला की तो मालेला शोभतो की नाही, यावर तेच चाहते आजतागायत भांडत आहेत. ज्यांनी पत्रे लिहून माला वाचविली, त्यांनाच वाचलेली माला ओळखू येईना! नाव तेच, पात्रे तीच; पण मूळ कल्पकाने दैनंदिन कारभारातून अंग काढून घेतलेले आणि खर्चालाही कात्री लागलेली. कलकत्त्याच्या श्रोत्यांचा अनुभव याच जातीचा. वेळ तीच, देवी तीच, कथाही तीच. पण ज्यांच्या श्रद्धेने ती घडली होती ते त्यात कोठेच नव्हते.

आपल्याकडील एक दाखला घेतला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची प्रेरणा, माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे स्वर. दर आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. रेडिओला हार घालून लोक ऐकावयास बसत, असे त्या पिढीतील माणसे सांगतात. आता अशी कल्पना करा की, एका रामनवमीला कोणालाही न सांगता ती गीते बाजूला ठेवून दुसऱ्याच कवीचे, दुसऱ्याच संगीतकाराचे रामायण त्याच वेळी त्याच केंद्रावरून लावले आहे, आणि तेही माडगूळकर-फडके हयात असताना. नवे रामायण कितीही सरस असो, पुणेकर काय म्हणाले असते? बंगाली माणसाच्या भावविवशतेला हसण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आणीबाणीचा संबंध या रोषाशी किती होता, हे मोजून सांगण्याचे साधन नाही. पण एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या दिवसांत सरकारच्या मोठ्या निर्णयांविरुद्ध बोलणे धोक्याचे होते, त्या दिवसांत एका पहाटेच्या कार्यक्रमाविषयी मात्र निर्भयपणे बोलता येत होते. घरात शिरून, न विचारता, आपली वस्तू कोणीतरी बदलली, या भावनेला त्या काळात इतरत्र जो मज्जाव होता तो येथे नव्हता. राग देवीच्या निमित्ताने बाहेर पडला. तो सर्वस्वी देवीपुरताच होता असे समजणे भाबडेपणाचे होईल.

म्हणून १९७६ च्या प्रसंगात चूक कोणाची, याचे उत्तर कलावंतांकडे शोधणे अन्यायाचे आहे. उत्तमकुमारांनी आपले काम निष्ठेने केले. १९८० साली ते गेले तेव्हा हेच शहर त्यांच्यासाठी ढसढसा रडले. हेमंतकुमारांच्या संगीताला कमी लेखण्याचे कारण नाही. ते स्वतः पूर्वी मूळ कार्यक्रमात गायिलेले. चूक होती ती पद्धतीची. नवा कार्यक्रम दुसऱ्या एखाद्या पहाटे लावता आला असता. देवीपक्षात पहाटा काय थोड्या असतात? जुन्याच्या शेजारी नव्याला बसविले असते तर लोकांनी कुतूहलाने ऐकले असते आणि कदाचित दोन परंपरा नांदल्या असत्या. जुन्याला उठवून त्याच पाटावर नव्याला बसविल्यामुळे दोघांचाही अपमान झाला. नव्याचा अधिक, कारण त्याच्या गुणदोषांचा विचार करण्याइतके शांत मन कोणाजवळ उरले नाही.

आपण जे कचेरीत बसतो त्यांना फाइलवर एखादी गोष्ट 'कार्यक्रम क्रमांक अमुक, वेळ चार वाजता' अशीच दिसते, आणि ती बदलणे एका सहीचे काम असते. ज्याच्या घरी ती पोहोचते त्याच्यासाठी ती काय आहे, हे फाइलवर कोठेच नोंदलेले नसते. ते विचारावे लागते. आणि विचारावयाचे तर ज्यांनी ती गोष्ट निर्माण केली त्यांच्यापासून आरंभ करणे हा साधा शिष्टाचार आहे. भद्रांना आणि मल्लिकांना निर्णयाआधी कोणी सन्मानाने विचारले असते, तर त्यांनी नकारच दिला असता असे मानण्यास आधार नाही. भद्र नव्याच्या आड आले नाहीत, हे तर सर्वजण सांगतात.

पंकज मल्लिक १९७८ साली गेले, वीरेंद्रकृष्ण १९९१ साली. 'महालया' याच नावाने २०१९ साली या प्रसंगावर एक बंगाली चित्रपटही निघाला. कलकत्त्याचे कोलकाता झाले, रेडिओची जागा खिशातल्या यंत्राने घेतली, आणि आता तो पाठ वर्षातल्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही घटकेला ऐकता येतो. तरीही लोक त्या एका पहाटेची वाट पाहतात. पुढच्या सर्वपित्रीला आपण याच शहरात असलात, तर श्राद्धाच्या तयारीला लागण्यापूर्वी चार वाजता उठून खिडकी उघडावी. शेजारच्या तीन-चार घरांतून तोच आवाज किंचित पुढेमागे येत असतो. तो ऐकून झाल्यावर, सवड झाली तर, 'दुर्गा दुर्गतिहारिणी'चेही ध्वनिमुद्रण एकदा मिळवून ऐकावे. त्या दिवशी रागाच्या भरात शहराने जे ऐकले नाही, ते परक्या माणसाला कदाचित निवांतपणे ऐकता येईल.